नळीखालची तार

धक्क्यावर सगळे त्यांना पॉलिशकाका म्हणत. चाळीस वर्षं बोटींचे कठडे, शिड्या, कडेच्या तारा, जे जे म्हणून स्टेनलेस स्टीलचं होतं ते काकांच्या हाताखालून गेलं होतं. रोज गोड्या पाण्याने धुवायचं आणि फडक्याने कोरडं करायचं, हा त्यांचा नेम. एखाद्या नव्या फिटरने खारं पाणी स्टीलवर तसंच वाळू दिलं, तर काका त्याला चारचौघांत सोलून काढत.

आणि याच माणसाने तारेवर नळी चढवली.

त्यांचा जावई खलाशी होता. थंडीत बोटीच्या कडेला आधारासाठी ताणलेली तार धरून धरून त्याच्या तळव्यांना चिरा पडायच्या. एकदा जेवताना त्याला घास धरता येईना, ते काकांनी पाहिलं. दुसऱ्याच दिवशी त्यांनी त्या तारेवर निळी प्लॅस्टिकची नळी ओढून बसवली आणि दोन्ही टोकांना टेप गुंडाळला. वर म्हणाले, "आता धुवायचीसुद्धा कटकट नाही." खलाशी खूश झाले. बाकीच्या सहा बोटींवरूनही मागणी आली. काका हरभऱ्याच्या झाडावर चढले आणि सहाही बोटींना नळ्या बसवून दिल्या.

दोन वर्षांनी, भरदिवसा, जावई दोर फेकायला तारेवर रेलला आणि तार तुटली. तो समुद्रात गेला, आणि दुसऱ्या दिवशी सापडला तो त्याचा देह.

"मालच हलका आला असणार," असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. काका मात्र वर्कशॉपमध्ये गेले आणि तुटलेल्या तारेवरची नळी त्यांनी चाकूने उभी चिरली. नळीबाहेरचा वीतभर तुकडा आरशासारखा लखलखत होता. आत तांबूस चिखल होता, आणि पुसून पाहिलं तर तारेला सुईने टोचल्यासारखी भोकंच भोकं.

काकांना कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. स्टेनलेसच्या अंगावर गंज रोखणारा एक झिरझिरीत थर असतो, तो हवेच्या जोरावर टिकतो. ओरखडा पडला तरी हवेत पुन्हा धरतो. नळीत हवा कुठून येणार? टेपच्या फटीतून समुद्राचं पाणी आत शिरायचं आणि बाहेर पडायचं नाव घ्यायचं नाही. पाणी आटायचं, मीठ मागे साचायचं, पुन्हा पाणी यायचं. उघडी राहिली असती, रोज धुतली असती, तर ती तार काकांच्या नंतरही राहिली असती. मायेपोटी झाकली आणि सडवली.

तो तुकडा त्यांनी हत्यारांच्या पेटीत तळाशी घातला आणि तोंडात मिठाची गुळणी धरून बसले. उद्या सांगू, परवा सांगू. लेकीचा चेहरा पाहिला की दुसरंच काहीतरी बोलायचे. दरम्यान सहा बोटी रोज जात होत्या, येत होत्या. हे त्यांना माहीत नव्हतं असं नाही. रोज बोट परत आली की सुटकेचा श्वास टाकायचे आणि त्या श्वासाची त्यांना लाज वाटायची.

लेक बंदराच्या कार्यालयात रेडिओवर बसायची, बोटींना निघायची परवानगी द्यायची. घरात भिंती खायला उठतात म्हणून पाचव्या दिवशीच ती कामावर परतली होती. नवव्या दिवशी सकाळी बोटी बाहेर गेल्यावर समुद्र खवळलेला दिसला, तेव्हा काका तुकडा घेऊन जिना चढले. तिच्या टेबलावर तो ठेवला आणि सगळं सांगितलं.

तिने तुकडा हातात घेतला. बराच वेळ भोकांवरून अंगठा फिरवत राहिली.

"त्यांचे हात फाटायचे म्हणून केलंत," ती म्हणाली. "मला माहीत आहे. त्याबद्दल मी तुम्हाला एक शब्द बोलणार नाही. पण हे कळलं कधी?"

काका खिडकीतून समुद्राकडे पाहू लागले.

"बाबा, कधी?"

"तो सापडला त्या दिवशी."

"म्हणजे आठ दिवस." तिचा आवाज चढला नाही, हेच वाईट होतं. "त्यातले चार दिवस मी इथे बसलेय. प्रत्येक बोट मी सोडलीय, बाबा. माझ्या तोंडाने. त्या खलाशांच्या बायकाही घरी वाट बघतात."

काकांना वाटलं, तिने ओरडावं, तुकडा फेकून मारावा. तिने माइक ओढला. "सगळ्या बोटींनी परत फिरा. कडेच्या तारेला कोणी हात लावू नका, कोणी रेलू नका."

एकेक करून सहाही बोटींनी ऐकल्याचं कळवलं. मग एका बोटीच्या तांडेलाने विचारलं, "का हो ताई, झालं काय?"

तिने माइक बापाच्या तोंडासमोर धरला.

"मी बोलतोय," काका कसेबसे म्हणाले. "तारेपासून लांब राहा रे सगळे. तार धोक्याची आहे."

पलीकडून हसल्यासारखा आवाज आला. "आमच्या तारेला काय धाड भरलीय, काका? तुमची नळी आहे ना वर!"

काकांनी लेकीकडे पाहिलं. तिने माइक हलवला नाही.