हातात आहे तोवर

वेन्सल कुबिचेकने एकतीस वर्षं एकाच कारखान्याची रिव्हॉल्व्हरं जमवली. हार्कर-टॅलबट हा तो कारखाना. सहा वर्षं चालला आणि मग आगीत गेला, त्यामुळे माल मुळातच थोडा. दर गोळीला अंगठ्याने घोडा मागे ओढायचा, अशी जुनी घडण. लांबून बघणाऱ्याला सगळी सारखीच दिसत. मलाही पहिली दहा वर्षं तशीच दिसली. पण वेन्सलच्या लेखी त्यांचे अकरा नमुने होते. कुणाची मूठ जास्त वाकलेली, कुणाच्या नळीला आठ कोपरे, कुणाचा घोडा रुंद. बैठकीच्या खोलीत काचेचं कपाट होतं, त्यात हिरव्या कापडावर दहा नमुने ओळीने मांडलेले. अकराव्याची जागा मोकळी होती.

अकराव्याचे चौदाच नग निघाले होते. दुकानदाराला गल्ल्याच्या खणात ठेवता यावा म्हणून केलेला, आखूड नळीचा. रिकामी काडतुसं बाहेर ढकलायची दांडी नळीखाली असते, ती याला नव्हती. दांडी धरायला सांगाड्यावर लोखंडाचा एक कान असतो, तोही नव्हता. लबाड लोक साध्या रिव्हॉल्व्हरचा कान कानशीने घासून टाकतात आणि अकरावा म्हणून पुढे करतात. अंगठा फिरवला की तिथे चपटी जागा लागते. वेन्सलला अशी घासलेली चार भेटली. 

मागच्या हिवाळ्यात त्याला कंपवात झाला. उजव्या हातापासून सुरुवात झाली. एप्रिलमध्ये जत्रेच्या मैदानावरच्या गुरांच्या शेडमध्ये आमच्या संग्राहक मंडळाचं जुन्या बंदुकांचं प्रदर्शन भरतं, तिथे खरेदी-विक्रीही होते. त्या सकाळी गाडी मी चालवत होतो.

"डेल, हे माझं शेवटचं प्रदर्शन," तो म्हणाला.

"गेल्या वर्षीही हेच म्हणाला होतास."

"गेल्या वर्षी कॉफी पँटवर सांडत नव्हती."

"गेल्या वर्षी माझ्या पँटवर सांडली होतीस. नुसती जागा बदललीस."

तो हसला. मग खिडकीबाहेर गव्हाकडे बघत म्हणाला, "अकरावं एकदा हातात आलं पाहिजे, बस. दुसऱ्याच्या हातून कपाटात लावून घेण्यात काही राम नाही."

शेडच्या दारावर एक पाटी होती. वेन्सलनेच ती रंगवली होती, कारण मंडळाचा अध्यक्ष एकवीस वर्षं तोच. तीन नियम होते. विचारल्याशिवाय उचलू नका. गोळी नसताना घोडा पाडू नका. आणि तिसरा, ज्यावरून सगळी भांडणं व्हायची: वस्तू ज्याच्या हातात आहे तोवर त्याची, दुसऱ्याने भाव बोलायचा नाही. सोबत्याच्या हातात दिली तरी चालेल, पण टेबलावर ठेवली की हक्क संपला. एका वर्षी उत्तरेकडून आलेल्या एकाने शिंक आली म्हणून रिव्हॉल्व्हर खाली ठेवलं आणि रुमाल काढला. तेवढ्यात शेजारच्याने ते घेतलं. तो माणूस रडकुंडीला आला होता. वेन्सल त्याला म्हणाला, "रिव्हॉल्व्हर हातात धरूनही शिंकता येतं." तो माणूस पुन्हा आमच्याकडे फिरकला नाही.

दुपारी आम्ही पार शेवटच्या रांगेत पोचलो. तिथे नोरीन पाइक नावाच्या बाईचं टेबल होतं. नवरा दोन महिन्यांपूर्वी गेला होता. त्याच्या बुटांना लावायच्या घोडेस्वारीच्या आऱ्या, कंदील, पट्ट्यांची बक्कलं असं सगळं तिने मांडलं होतं. एका टॉवेलवर एक काळपट रिव्हॉल्व्हर पडलं होतं, आखूड नळीचं.

वेन्सल थांबला. 

"उचलू का, बाई?"

"उचला की. चावत नाही ते. आमचे हे चावायचे, पण ते गेले."

त्याने लाकडी मुठीला धरून ते उचललं. डाव्या अंगठ्यावर रुमाल घेतला आणि नळीशेजारून हळूच फिरवला. पुन्हा फिरवला. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "डेल, कान नाही."

"घासलाय?"

"नाही रे. कधी नव्हताच."

मी बाईंना भाव विचारला. वेन्सलच्या खिशात पैसे होते त्याच्या निम्मेही त्यांनी सांगितले नाहीत. मी त्याच्या कानाशी लागलो. "घेतो म्हण. आत्ता म्हण."

"नंबर बघितल्याशिवाय नाही. चार वेळा फसलोय."

"मग मी घेतो म्हणतो तुझ्या वतीने!"

"गप्प बस. न तपासता घेतलेली वस्तू माझ्या कपाटात जात नाही."

कारखान्याने कोरलेला नंबर सांगाड्याच्या पोटाशी होता, बारीक. त्याचा चष्मा होता शर्टाच्या खिशात. खिशाचं बटण उघडायला त्याने डावा हात नेला आणि सगळं वजन उजव्या हातावर आलं. उजवा हात कापायला लागला. आधी मनगट, मग कोपरापर्यंत. नळीचं टोक कंदिलाच्या काचेवर टणटण वाजायला लागलं. खाली सिमेंटची फरशी.

"दे माझ्याकडे," मी दोन्ही हात पुढे केले.

"तुझे हात बघ. घामाने भिजलेत. बोटांचे ठसे गंज होऊन उमटतील त्याच्यावर."

"उमटू दे! वेन्सल, दे!"

त्याने दिलं नाही. पडलं असतं तर त्याच्या लेखी माणूस पडल्यासारखं झालं असतं. त्याने ते दोन्ही हातांनी जपून टॉवेलवर ठेवलं, बोटं एकेक करून सोडवली आणि मग खिशाचं बटण काढायला लागला.

"हे मी घेतो, बाई," आमच्या मागून आवाज आला.

हमरस्त्यावर स्टेकचं हॉटेल आहे, त्याचा मालक गेलन स्टाउट. माणूस वाईट नाही. भिंतीवर लावायला जुन्या वस्तू शोधत आला होता. त्याने पाटी वाचलीसुद्धा नव्हती.

"अहो, हे केव्हाचे बघताहेत ना," नोरीनबाई म्हणाल्या.

"त्यांनी ठेवलं म्हणून मी विचारलं," गेलन म्हणाला. "काय नियम असेल तसं करा."

आजूबाजूचे लोक वळले. सगळे वेन्सलकडे बघायला लागले. निवाडा करून घ्यायची सवय सगळ्यांना त्याच्याकडूनच.

"वस्तू माझी आहे," बाई म्हणाल्या, "आणि मी ती यांनाच देणार."

"नाही बाई," वेन्सल म्हणाला. चष्मा अजून त्याच्या हातातच होता. "मी खाली ठेवलं."

"हात कापत होता तुझा!" मी ओरडलोच. "दुखणं आहे ते. त्याला नियम कसला?"

"शिंकेला मी सूट दिली नव्हती, डेल."

  त्याला खांद्याला धरून हलवावं, का गेलनच्या पाया पडावं, ते कळेना, म्हणून मी टोपी काढून हातात धरून उभा राहिलो.

वेन्सलने गेलनकडे एकच मागितलं. "नंबर तेवढा बघू द्या."

गेलनने ते उलटं धरलं. मी वाकून आकडा मोठ्याने वाचला. वेन्सलने डोळे मिटले, चौदाही नगांच्या नंबरांची यादी त्याला पाठ होती. डोळे उघडून तो म्हणाला, "अस्सल आहे. असं दुसरं तुम्हाला जन्मात मिळणार नाही. याला काही करू नका. पुसूसुद्धा नका."

"अरे वा! असं होय!" गेलन म्हणाला. "बरं झालं सांगितलंत, काका. आता नीटच ठेवतो."

ऑगस्टमध्ये वेन्सलच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली. त्याच्या मुलीने टेक्ससहून फोन करून गेलनच्या हॉटेलात टेबल सांगून ठेवलं. तिला यातलं काही ठाऊक नव्हतं, आणि बर्निसला, म्हणजे वेन्सलच्या बायकोला, पोरीचं मन मोडवेना. मला धरून आम्ही तिघं गेलो.

ते रिव्हॉल्व्हर गल्ल्याच्या वर लावलं होतं. वार्निशच्या फळीवर, दोन पितळी स्क्रूंनी आवळलेलं. चमच्यासारखं झळझळत होतं. मुलामा चढवायच्या आधी पॉलिशच्या चाकावर घासलं असणार, कारण कडा सगळ्या गोल झाल्या होत्या, साबणाच्या वडीसारख्या. मी उठून जवळून बघून आलो. नंबराच्या जागी नुसती चमक होती.

"नंबर?" वेन्सलने विचारलं.

"उंचावर आहे, दिसत नाही," मी म्हणालो.

त्याने माझ्याकडे बघितलं आणि रुमाल उलगडून मांडीवर पसरला.

गेलन स्वतः पाण्याचा जग घेऊन आला. "काका, ओळखलंत? किती मळकट होतं! मी तसंच टांगणार होतो हो. पण तुम्ही म्हणालात अस्सल आहे, म्हटलं मग हात राखून चालायचं नाही. डॅलसला पाठवलं, चांगल्या माणसाकडे. निकेल चढवलंय." त्याचा चेहरा फुलला होता. "तुमच्या डोळ्यामुळे झालं हे सगळं. आजचं जेवण माझ्याकडून."

बर्निसने टेबलाखाली नवऱ्याच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"छान चमकतंय," वेन्सल म्हणाला.

गेलन खूश होऊन गेला. स्टेक आले. वेन्सलने सुरी उचलली, ती ताटावर खडखडायला लागली, आणि शेजारच्या टेबलावरच्या बाईने वळून बघितलं. त्याने सुरी ठेवली. मग ताट हळूहळू, बोटांनी ढकलत, माझ्या बाजूला सरकवलं.

"बारीक कर," तो म्हणाला.

मी कापायला लागलो.