उलट्या पावलांची मोटार

आसेगावच्या मसणाजवळच्या चढावर त्या सकाळी जत्रेसारखी माणसं लोटली होती. पोरं तर बाभळीवर चढून बसली होती. नुकत्याच वारलेल्या मारोतरावांची जुनी विलायती मोटार गुरगुरत चढाला लागली, निम्म्यावर आली आणि आचके देऊन बंद पडली.

"पाहा!" पुढच्या सीटवर हरणाचं कातडं अंथरून बसलेल्या धुनीबाबाने चिमटा वाजवला. "मारोतराव रस्ता अडवून राह्यला. देवला, गाडी फिरव!"

ड्रायव्हर देवलाने मोटार उतारावरून मागे घेतली, सपाटीवर फिरवली, हँडल मारून पुन्हा सुरू केली आणि मागच्या गिअरमध्ये टाकली. तीच मोटार तोच चढ पाठमोरी सरसर चढून गेली.

"भुताची पावलं कशी असतेत?" बाबाने वरून विचारलं.

"उलटी!" गर्दी ओरडली. कुणी नारळ फोडला.

गर्दीच्या कडेला विजयमाला आईला धरून उभी होती. मारोतराव तिचे वडील. ती रिसोडच्या शाळेत शिकवायची. तार मिळून ती पोचली तेव्हा चितेची राख गार झाली होती. ती रडली नव्हती. भेटायला येणाऱ्यांना चहा देत होती, कपबशा विसळत होती, विचारलं त्याचं उत्तर देत होती. अजून तेरवी व्हायची होती.

मारोतराव गेले त्या दिवशी तिची आई तुळसाबाई पोहरादेवीला गेल्या होत्या. बाबाने नेमकं तेच धरलं. नवरा रागावला आहे, मोटारीत बसला आहे. मोटार मठाला वाहा, आणि ती मठाच्या दारात उभी राहीपर्यंत अन्नाला शिवू नका. तुळसाबाईंचे ओठ फुटले होते. उभ्या उभ्या त्यांचा तोल जात होता.

"माय, दोन घास तरी खा."

"कशी खाऊ वं? मी देवीले गेली अन् थे एकटे गेले. रागावतीन नाई त काय?"

विजयमालाने त्या मोटारीकडे पाहिलं. क्षणभर तिला वाटलं, वडील तिथे असोत. रागावलेले का होईना, असोत.

मग तिला वडिलांचं सकाळचं काम आठवलं. रोज बाहेर काढण्याआधी ते मोटार तपासत. आधी ठिणगी, मग पेट्रोल, मग हवा. विजयमालाला जवळ बोलावून सांगत, "एका वक्ती एकच गोष्ट बदलाव. दोन बदलल्या त गुण कोनाचा, समजत नाई."

इथे बदललं काय होतं? मोटारीचं तोंड. तेवढंच.

"देवलाभाऊ," ती पुढे होऊन म्हणाली, "गाडी खाली आणून पुन्हा सरळ चढव."

मोटार पुन्हा त्याच जागी बंद पडली. देवलाने चाकांखाली दगड लावले. विजयमालाने इंजिनावरचं झाकण उचललं, देवलाला हँडल फिरवायला लावून प्लगची तार पाहिली. निळी ठिणगी उडाली. मग ती कार्बोरेटरखालची बारकी तोटी सोडायला वाकली.

"थो काक नको खोलू, पोरी! बाउल रिकामा होईन!" बाबा ओरडला.

काक म्हणजे ती तोटी, बाउल म्हणजे तिच्यावरची पेट्रोलची वाटी; हे शब्द मोटारवाल्यांचे. गोमतीबाई म्हातारीने डोळे बारीक केले. "कारे बाबा, तू त बारा वर्षं हिमालयात होता म्हणे. तिथं बाउल असते काय?"

कुणीतरी फिसकन हसलं.

विजयमालाने तोटी सोडलीच. ती कोरडी होती. गाडी सपाटीवर उतरवली तशी तिच्यातून धार लागली.

"उठा," विजयमाला बाबाला म्हणाली.

"आसन हाललं त गावावर कोप होईन!"

"पेट्रोलची टाकी तुमच्या आसनाखाली आहे."

"उठ नं रे!" गोमतीबाई म्हणाली. "बूड चिकटलं काय?"

बाबा उठला. सीट उचलली. वडिलांची पेट्रोल मोजायची काठी तिथेच होती. विजयमालाने ती टाकीत सोडून बाहेर काढली. फक्त टोक ओलं होतं.

"बाबाच म्हने," देवला पुटपुटला, "मेलेल्या मानसाले पेट्रोलचा वास सहन होत नाई, घोटभरच टाकत जाय."

नारळ फोडायला रोज गर्दी व्हायची म्हणून रामधनने तिथेच चहाची चूल मांडली होती. विजयमालाने त्याची किटली घेतली. तळाशी थोडा चहा होता.

"हे पोट म्हणजे सीटखालची टाकी. ही चोच म्हणजे पुढचं इंजिन." तिने चोच वर केली. थेंब आला नाही. "चढावर इंजिन वर जातं, टाकी खाली राहते. पेट्रोल आपोआप वर चढत नाही." तिने चोच खाली केली. चहाची धार लागली. "पाठमोरी नेली की टाकी वर. बाबा म्हणतात ते भूत म्हणजे हा उतार. माझे वडील टाकी भरलेली ठेवत, म्हणून त्यांच्या हाती ही सरळ चढायची."

देवलाने घरून पेट्रोलचा डबा आणून टाकीत ओतला. मोटार सरळ तोंडाने चढाला लागली, निम्मा चढ ओलांडला, मसण मागे टाकून वर जाऊन उभी राहिली. सगळे तिकडे पाहत होते तेवढ्यात बाबा कातडं गुंडाळून रानाकडे लागला होता.

"अरे, हा त प्रवाशांच्या सर्व्हिस मोटारीवरचा जुना क्लीनर!" त्याची पाठमोरी चाल पाहून रामधन म्हणाला.

पोरं दगड उचलू लागली. विजयमालाने त्यांना थांबवलं.

"त्याला मारून काय होणार? उद्या दुसरा येईल. देवाला मानायचं तर माना. पण कुणी चमत्कार दाखवला, की विचारा, यात बदललं काय? आणि दाखवणारा ज्यावर बसला आहे, त्याच्याखाली काय आहे? गेलेल्या माणसावर आळ घेण्याआधी सीट उचलून पाहा."

गर्दी हळूहळू पांगली. तुळसाबाई दगडावर बसून होत्या.

"विजू, म्हणजे थे माह्यावर रागावले नव्हते?"

"नाई माय. टाकीत पेट्रोल नव्हतं."

"अन् गाडीत..."

"नाईत. तिथंबी नाईत."

तुळसाबाईंनी वर उभ्या मोटारीकडे पाहिलं. मग त्यांनी पदराने तोंड पुसलं.

"रामधन, त्या किटलीत उरला काय रे घोटभर?"