झाकलेले रकाने

धाकट्या भावाच्या खिशात राजीनामा होता आणि तो सोमवारी द्यायचा, असा त्याचा निश्चय होता. चष्म्याच्या दुकानात भिंगे घासण्याचे काम सोडून तो पत्ते खेळून पोट भरणार होता. आधार काय, तर यशस्वी व्यावसायिक जुगाऱ्यांच्या बारा मुलाखती. बुडालेल्यांच्या मुलाखती कोणी छापत नाही, हे मी त्याला तीनदा सांगून पाहिले होते.

"ताई, तुला प्रत्येक गोष्टीत खोट दिसते."

"त्याचाच पगार मिळतो मला." मी प्रयोगशाळेत वजनकाटे तपासते.

शेवटी पैज लागली. चौथ्या मजल्यावरचे बावनकाका बावीस वर्षे पत्त्यांवर जगून सुखरूप निवृत्त झाले होते. ते 'नको' म्हणाले तर राजीनामा फाडायचा. 'हो' म्हणाले तर मी कायमचे गप्प बसायचे. शब्द देऊन बसल्यावर मला सुचले: ज्याचा जन्म त्यातच गेला, तो नको कशाला म्हणेल?

रविवारी दुपारी आम्ही काकांकडे गेलो, तेव्हा त्यांनी भावाची डावांची वही मागितली. भावाने ती ऐटीत पुढे केली. चार महिन्यांतल्या प्रत्येक डावाची नोंद होती: हातातले पत्ते, केलेली खेळी, मग निकाल, आणि खेळी 'बरोबर' होती की 'चूक'.

काकांनी जुन्या पाकिटाची पट्टी कापून शेवटचे दोन रकाने झाकले.

"आता खेळ्या पुन्हा तपास. मी दर रविवारी हेच करायचो."

पहिल्या पानावर भावाची पेन्सिल भराभर चालली. दुसऱ्यावर ती रेंगाळू लागली.

"असं कुणी खेळतं का?" तो पुटपुटला.

"अक्षर तरी तुझंच दिसतंय," काका म्हणाले.

पट्टी निघाली. त्याने आता चूक ठरवलेल्या सव्वीस खेळ्यांपुढे वहीत 'बरोबर' लिहिलेले होते. ते डाव त्याने जिंकले होते, एवढेच. तपासणाऱ्यापासून अपेक्षित आकडा लपवायचा, हा आमच्या प्रयोगशाळेतला पहिला नियम. घरात तो मला चार महिने सुचला नव्हता.

"म्हणजे नशिबानं तारलं मला?"

"भुलवलं. तारायचं असतं तर पहिल्याच महिन्यात हरवलं असतं."

"शिकलो तर जमेल?"

"माझ्याबरोबर नऊजण शिकत होते. त्यांच्यापैकी कुणाची मुलाखत वाचलीस का?" काकांनी वही मिटली. "नोकरी सोडू नकोस, बाबा."

माझा सगळा युक्तिवाद त्यांनी एका प्रश्नात उरकला होता, आणि भावाला तो पटलाही होता.

जिन्यात त्याने राजीनामा माझ्या हातात ठेवला. "खरं सांगू, ताई? सोमवारची धडकीच भरली होती."

"मलाही."

चार महिन्यांची काळजी मिटली. मग सवयीने हिशेब आठवला: उत्तर ठाऊक नसताना भावाची नोकरी मी एका जेमतेम ओळखीच्या शेजाऱ्याच्या शब्दावर पणाला लावली होती. निकाल झाकून पाहिले तर ती खेळी चूकच. हे मी त्याला सांगितले नाही. कागदाचे मात्र सोळा तुकडे केले.