जुन्या मॉनिटरचा निळा

आंधळगावच्या बसस्टँडजवळ हर्षा रामटेकेचं दुकान आहे. झेरॉक्स, लग्नपत्रिका आणि बॅनर ही कामं पाटीवर लिहिलेली आहेत. येणाऱ्याजाणाऱ्याला बसायला खुर्ची देणं हे काम पाटीवर नाही, पण जास्त तेच चालतं.

त्या सकाळी खुर्चीवर विहाराच्या महिला मंडळाच्या अध्यक्ष सत्यभामाबाई बसल्या होत्या. दुसऱ्या दिवशी विहाराचा वर्धापनदिन होता आणि त्याचं बॅनर हर्षाकडे आलं होतं. मागच्या वर्षी ते दुसरीकडून करून घेतलं, तर निळ्याच्या जागी जांभळं छापून आलं. बदलायला वेळ नव्हता म्हणून तेच टांगलं, आणि दिवसभर बाईंना येईल त्याला खुलासा देत बसावं लागलं.

"लिवण्यात काही चुकलं तरी चालते, पोरी," बाई म्हणाल्या. "लोकं वाचतेत कुठं. पण निळा निळाच पाह्यजे. मागच्या साली भंतेजी आले, वर पाह्यलं अन् मले इचारते, हे कोनतं मंडळ हाय म्हणून."

हर्षाने मान हलवली. विहार तिचाही होता. उद्या त्याच बॅनरखाली ती बसणार होती आणि ते कोणी केलं हे अख्ख्या गावाला ठाऊक असणार होतं. अडचण एवढीच होती की आज तिच्याकडे निळा नव्हता.

तिचा जुना कॉम्प्युटर दिवाळीनंतर बंद पडला होता. जाताना सगळ्या जुन्या फायली घेऊन गेला. मग नवा आला आणि त्याच्यासोबत रुंद, चकचकीत मॉनिटरही आला. त्यावर तिने पहिलं बॅनर कबड्डीच्या टीमचं केलं. पडद्यावर जर्सी झकास निळी दिसत होती, छापून आली ती वांग्याच्या रंगाची. पोरं म्हणाली, "ताई, आमी कबड्डी खेळतो, भाजीचं दुकान नाही लावत."

तेव्हा तिच्या लक्षात आलं की नवा मॉनिटर प्रत्येक रंगाला नटवून पुढे करतो. जुना चौकोनी मॉनिटर तसा नव्हता. त्याचा उजेड कधीच मंदावला होता आणि एका कडेला पिवळट झाक आली होती, पण त्यावर जे दिसायचं तेच भंडाऱ्याच्या प्रेसमधून छापून यायचं. निदान हर्षाला तसं वाचता यायचं. इतकी वर्षं आधी पडदा पाहायचा, मग छापलेलं पाहायचं, असं करता करता तिच्या डोळ्याचं आणि त्या मॉनिटरचं जमून गेलं होतं. काही लोक आकडे टाकून रंग बनवतात. हर्षा डोळ्याने बनवायची, आणि तो डोळा जुन्या मॉनिटरवर तयार झालेला होता.

म्हणून तिने तो माळ्यावरून खाली काढला. दुपारपर्यंत फाइल भंडाऱ्याला गेली तरच बॅनर सकाळच्या बसने येणार होतं.

जुन्या मॉनिटरच्या वायरीला पिनांचा रुंद, निळा प्लग होता, दोन्ही बाजूंना स्क्रू असलेला. नव्या कॉम्प्युटरच्या मागे तसं तोंडच दिसत नव्हतं. नव्या मॉनिटरची वायर जिथे गेली होती ती बारकी, चपटी खाच तेवढी होती. आदल्या दिवशी तिने प्लगचा आणि त्या खाचेचा फोटो नवऱ्याला, अश्विनला, पाठवला होता. अश्विन वीज ऑफिसात लाइनमन. तो तुमसरहून येताना एक कन्व्हर्टर घेऊन आला, एका टोकाला चपटं तोंड आणि दुसऱ्या टोकाला पिनांचं.

हर्षाने नव्या मॉनिटरची वायर काढली, तिथे कन्व्हर्टर लावला, त्यात जुना प्लग बसवला आणि बटण दाबलं. जुना मॉनिटर उजळला. काळ्या पडद्यावर एक छोटी चौकट आली आणि इकडून तिकडे तरंगू लागली. आत लिहिलं होतं, आउट ऑफ रेंज.

"काय म्हणते?" बाईंनी विचारलं.

"रेंजच्या बाहेर हाय म्हणते."

"कसा बाहेर? टावर तं इथंच हाय, ग्रामपंचायतीच्या मांगं."

"ते रेंज नाही, काकू. नवा कॉम्प्युटर मोठं चित्र पाठवून राहिला. याच्यात तेवढं मावत नाही."

"मंग लहान पाठव म्हणाव."

बरोबरच होतं ते, पण लहान पाठव असं सांगायचं तर पडद्यावर काही दिसायला हवं. हर्षाने पुन्हा नवा मॉनिटर लावला, त्यावर चित्राचं माप कमी केलं आणि परत जुना जोडला. पुन्हा तीच चौकट तरंगायला लागली. प्रत्येक मॉनिटरचं माप कॉम्प्युटर वेगळं धरून बसत होता. एकाला सांगितलेलं दुसऱ्याला लागू नव्हतं.

"दोघं संगच लावता आले पाह्यजे," ती स्वतःशीच म्हणाली. "नव्यावर पाहून जुन्याले सांगता आलं असतं."

"मंग लाव ना."

"तोंड एकच हाय, काकू."

"एवढ्या मोठ्या डब्ब्याले एकच तोंड?" बाईंना ते पटलं नाही. "फसवलं तुले."

हर्षाने कॉम्प्युटर उचलून दारातल्या उन्हात आणला आणि त्याची पाठ उजेडाकडे केली. चपट्या खाचेच्या बाजूला काळा पत्रा होता. पण त्यावरून बोट फिरवलं तर पत्रा एका जागी फुगलेला लागला. तिने नखाने खरवडलं आणि पत्र्याचा कोपरा उचलला गेला.

तिने अश्विनला फोन लावला.

"पोलाखाली उभा हावो, लवकर बोल," अश्विन म्हणाला.

"कॉम्प्युटरच्या मांगं तुमी टेप लावली का?"

"हो. पहिल्याच दिवशी. काहून?"

"कायले लावली?"

"म्हणजे? समोर राइस मिल हाय. जुन्याच्या पोटातून किती भुसा निंगाला होता आठव. जितके तोंडं मोकळे लागले, सगळ्याईले टेप मारली. उघडं सोडत असतेत का?"

"त्याच्यातच जुन्या मॉनिटरचं तोंड हाय."

"मी काय पाहून लावली का? हात घालून लावली," अश्विन म्हणाला. "अन् मंग मी तुमसरले कायले गेलतो?"

"तेच मी इचारून राहिली."

सत्यभामाबाई पदर तोंडाला लावून हसत होत्या. "लाइनमनशी लगन केलं, आता भोग," त्या फोनपर्यंत जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "नशीब तुह्या तोंडाले नाही लावली."

"काकू हायेत का तिथं?" असं विचारून अश्विनने घाईने फोन ठेवला.

टेप लाइनमनने लावलेली होती, सहज निघणारी नव्हती. शेवटी तो चिकट पट्टा सुटला आणि खाली निळं तोंड निघालं, बारीक छिद्रांचं, दोन्ही कडांना स्क्रूची जागा असलेलं. बाईंनी वाकून पाहिलं. "हे तरी निळं हाय," त्या म्हणाल्या.

कॉम्प्युटर परत टेबलावर ठेवल्यावर प्लग नीट बसला. हर्षाने बोटांनीच स्क्रू फिरवले, नव्या मॉनिटरची वायर तिच्या जागी लावली आणि बटण दाबलं. या वेळी दोन्ही पडदे उजळले. जुन्याने एकदा डोळे मिचकावल्यासारखं केलं आणि स्थिर झाला. थेट वायरीतून कॉम्प्युटरने त्याचं माप आपणच ओळखलं होतं; हर्षाने ते एकदा तपासलं. कन्व्हर्टर टेबलावर तसाच पडून राहिला.

तिने बॅनरची फाइल उघडून दोन्हीकडे दाखवली. नव्या मॉनिटरवर निळा लखलखत होता. जुन्यावर तोच निळा जांभळ्याकडे झुकलेला होता.

बाईंचं हसू गेलं. "हे काय वो? हे तं मागच्या सालचंच झालं."

"तेच पाह्याचं होतं, काकू," हर्षा म्हणाली, आणि सकाळपासून पहिल्यांदाच तिच्या आवाजात हलकेपणा आला. "असंच धाडलं असतं तं असंच छापून आलं असतं."

ती कामाला लागली. निळ्यातला लाल हळूहळू कमी केला, पाहिला, आणखी थोडा कमी केला. मग खुर्ची मागे सरकवून डोळे बारीक करून पाहिलं. जुन्या मॉनिटरवर आता झेंड्याचा निळा आला होता, खोल आणि शांत. पण नव्या मॉनिटरवर तोच रंग उतरून गेल्यासारखा दिसत होता, धुवून धुवून विटलेल्या शर्टासारखा.

"तिकडं फिक्कट झाला ना पोरी."

"तिकडं पाहू नका."

"कशी नाही पाहू? नवा तो हाय. पैसे त्याचे जास्त लागले."

हर्षाने ओढणी काढली आणि नव्या मॉनिटरवर टाकली. "आता सांगा."

सत्यभामाबाई जुन्या पडद्याजवळ गेल्या, मागे आल्या, पुन्हा जवळ गेल्या. गेल्या वर्षीचा दिवस त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होता. बाहेर तुमसरची बस लागली, हॉर्न वाजवून निघून गेली, तरी त्यांचं पाहणं चालूच होतं. हर्षानेही घाई केली नाही. रंग तिचा होता, पण बॅनर मंडळाचं होतं.

"धाड," बाई शेवटी म्हणाल्या. "पन जांभळा आला तं उद्या माइकवर तूच सांगजो. मी नाही सांगत या साली."

"सांगीन," हर्षा म्हणाली आणि फाइल भंडाऱ्याला पाठवून दिली.

दुसऱ्या दिवशी ती बसच्या आधी स्टँडवर उभी होती. कंडक्टरने गुंडाळी खाली दिली. उघडून पाहायचा मोह तिने आवरला आणि ती तशीच विहारात नेली. तिथे सतरंज्या अंथरून झाल्या होत्या आणि सत्यभामाबाई फुलांवरून कोणाला तरी रागावत होत्या. हर्षाला पाहून त्या थांबल्या. बाकीच्या बायाही जवळ आल्या.

हर्षाने फरशीवर गुंडाळी उलगडली. आधी पांढरी किनार आली, मग अक्षरं, मग त्यामागचा निळा.

बाईंनी बॅनरचं एक टोक उचललं, हर्षाला दुसरं उचलायला लावलं आणि ते दारात नेऊन उन्हात धरलं. तिथे पाहून झाल्यावर परत आत आणून सावलीत धरलं. मग मान वर करून दारासमोरच्या भिंतीवरचा खिळा शोधला.

"शिडी आना वो कोनी," त्या म्हणाल्या. "अन् हर्षा, तू ते टोक सोडू नको. वरतं बांधू या साली. रस्त्यावरून दिसलं पाह्यजे."