केक कुणी खाल्ला

अर्धांगवायूचा झटका आला तेव्हापासून वडील नाकातल्या नळीवर होते. चाळीस वर्षं कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये त्यांनी शेकडो माणसांना जेवू घातलं, आणि आता त्यांना पाण्याचा घोटही गिळता येत नव्हता. त्यांच्यासमोर जेवायची धाकट्या मुलीला लाज वाटायची. सकाळ ती नुसत्या चहावर काढायची आणि दुपारी ते झोपले की बाथरूमची कडी लावून, नळ सोडून खायची. अख्खा पाव, बिस्किटांचे पुडे, साखर तर मुठीनं. चव कळायचीच नाही. पोटाला तडस लागली की हात थांबायचा. मग तोंड धुऊन ती शिलाई मशीनवर बसायची आणि उद्यापासून काही खायचं नाही, अशी शपथ घ्यायची.

थोरल्या भावाच्या मुलीचा वाढदिवस होता. केक त्यानं सकाळीच आणून फ्रिजमध्ये ठेवला. संध्याकाळी खोका उघडला तर आत नुसता पुठ्ठा. पोरीनं भोकाड पसरलं.

दिवसभर घरात वडील, धाकटी आणि वडिलांचं करायला येणाऱ्या मावशी, एवढेच होते. भावानं बहिणीकडे पाहिलंसुद्धा नाही.

"मावशी, मागितला असता तर दिला नसता का?"

मावशींनी धाकटीकडे पाहिलं. तिनं मान खाली घातली. मावशींचं काम त्याच दिवशी सुटलं.

वडिलांची वाचा गेली होती, कान शाबूत होते. दुसऱ्या दिवशी ती नळीतून दूध सोडायला बसली, तेव्हा त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. असे चार दिवस गेले. पाचव्या दिवशी ती मावशींचं घर शोधत गेली.

"केक मी खाल्ला होता."

"माहीत आहे." मावशी कपडे पिळत होत्या. "बाथरूममधल्या बादलीमागचे बिस्किटांचे कागद रोज मीच उचलायचे. म्हटलं, पोरीचं काहीतरी दुखतंय, कशाला चव्हाट्यावर आणा."

"मग दादाला का नाही सांगितलंत?"

"तू होतीस ना तिथे? तुझं तोंड काय शिवलं होतं?"

तिनं हात जोडले, परत या म्हणाली.

"दुसरं काम धरलंय मी. भावाला सांग आणि डॉक्टरला दाखव. माझ्या पाया पडून काय होणार?"

भावाला आधी हसू आलं. "बारा जणांचा केक? एकटीनं?" मग तिचा चेहरा बघून तो उठला. मावशींची माफी मागायला तो स्वतः गेला. त्यांनी त्याला बसही म्हटलं नाही.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हा आजार आहे, हावरटपणा नाही. दिवसातून तीनदा जेवायचं, माणसांत बसून. कधी तोल गेलाच, तरी पुढचं जेवण चुकवायचं नाही."

माणसांत म्हणजे वडिलांसमोर. पहिल्या दिवशी दोन घासांत तिला रडू फुटलं. वडिलांनी धडधाकट हातानं ताट तिच्याकडे सरकवलं. ती भराभर गिळायला लागली की ते बोटानं पलंगाची कड वाजवायचे. सावकाश. महिन्याभरानं तिनंच विचारलं, "बाबा, भाजी अळणी आहे ना?" त्यांनी भाजीचा नुसता रंग बघून मान डोलावली. आचारीच तो.

त्याच वर्षी ते गेले. त्या आठवड्यात तिनं दोनदा बाथरूमची कडी लावली. दुसऱ्या खेपेनंतरच्या सकाळी डोळे सुजलेले होते, पोट दगडासारखं. तिनं एक अंडं उकडलं, पाव कापला आणि टेबलाशी बसली. पहिला घास घशात अडकला. पाणी पिऊन तिनं दुसरा घेतला.