पंधरा पौंडांचा ताण

खोलीत सामान होतं ते एवढं: सुतळीची खाट एक, तिच्यावर टाकायला जाड फळी एक, विटा सहा, विहिरीवरची जुनी चरखी एक, दोर बारा फूट, गोणपाटाचा पट्टा एक आणि पाऊण-पाऊण पौंडाचे वीस बोल्ट. बोल्ट बळीरामनं सुपरवायझरची चिठ्ठी घेऊन भंगारातून आणले होते, एकेक तोलून पाहिला होता. फळीवर त्याची बायको गिरजा उताणी पडली होती.

कारखान्याच्या पायासाठी गिट्टीची घमेली वाहता वाहता तिची कंबर धरली, त्याला तेरा दिवस झाले. डॉक्टर म्हणाले, कमरेला पंधरा पौंडांचा ताण द्यावा लागेल, पण दवाखान्यातली तशी खाट रिकामी व्हायला महिना जाईल. मुकादम धोंडबाला तेवढा धीर नव्हता. "सोमवारी आठच्या आत आपल्या पायानं आली त पाणी पाजायचं हलकं काम देतो. नाही आली त दुसरी बाई लावतो." सोमवार नऊ दिवसांवर आला होता.

बळीराम त्याच बांधकामावर खलाशी. क्रेन पोचत नाही तिथं चरखी-दोरानं गर्डर चढवणारा. डॉक्टरांना विचारून त्यानं ताणाची खाट घरीच करायला घेतली. चरखी खाटेच्या पायथ्याला ठोकली, पट्टा गिरजाच्या कमरेला आवळला, दोर चरखीवरून घेऊन टोकाला बोल्टांची थैली सोडली. थैली सुटली तशी गिरजा फळीवरून सरसर घसरली आणि तिचे पाय चरखीला लागले.

दारातून शेजारची शकुबाई खदखदली. "काहो भाऊ, बायको होय का गर्डर?"

"हसून काय राहिली मावशी? आता काखेतून बांधतो तिले उशाकडं."

"बांधा अन् टांगा मले कारखान्याच्या फाटकावर!" गिरजा कडाडली. "आवो, गर्डरले दुखत नाही. मले दुखते!"

बळीराम खाली बसला. गर्डरचं वजन आजवर नेहमी त्याच्याशी भांडत आलं होतं. गिरजाचं वजन मात्र आपल्या बाजूनं लावता येईल. त्यानं दोर सोडला आणि पायथ्याच्या दोन्ही खुरांखाली तीन-तीन विटा सरकवल्या. पायथा नऊ इंच वर आला, गिरजाचं अंग डोक्याकडं ओढ घेऊ लागलं. मग त्यानं थैली पुन्हा सोडली. थैली लोंबत राहिली. गिरजा जागची हलली नाही.

"कसं वाटते वं?"

"डोक्यात रक्त उतरून राहिलं. पण कंबर..." तिनं डोळे मिटले. "थांबा. थैली काढू नका."

रोज सकाळी अर्धा तास, संध्याकाळी अर्धा तास. चौथ्या दिवशी पट्ट्यानं कातडी सोलली, तेव्हा शकुबाईनं जुन्या लुगड्याची घडी आणून आत घातली. सहाव्या दिवशी गिरजा भिंत धरून दारापर्यंत गेली, आठव्या दिवशी भिंत न धरता.

सोमवारी ती सातला निघाली. बळीराम दोन पावलं मागं, हात न लावता, मोजत.

रुआबांधा वस्तीतल्या खोलीपासून फाटकापर्यंत दोन हजार एकशे चाळीस पावलं. गिरजा वाटेत दोनदा बसली. पोचली तेव्हा आठला सात मिनिटं कमी होती.