आमच्या हॉलमधला फितूर

जुना प्रोजेक्टर आहे मी, एवढी ओळख पुरे. कुठल्या बनावटीचा, ते विचारू नका. मित्रांनो, माझ्या उमेदीच्या काळात नाव-गाव विचारणारा माणूस बहुधा पोलीसच निघायचा. तेव्हापासून माझा कुणावर विश्वास नाही.

दक्षिण आफ्रिकेत पोर्ट एलिझाबेथजवळच्या आमच्या काळ्यांच्या वस्तीत, चर्चच्या पत्र्याच्या हॉलमध्ये मला वुयिसिले मास्तरांनी आणलं. गोऱ्यांच्या सिनेमात आमची माणसं फक्त ताटं उचलायला दिसायची. मास्तरांच्या सिनेमांत मात्र आमची पाडलेली घरं असायची, गोऱ्यांच्या शहरात पाऊल टाकायला लागणाऱ्या पासासाठीच्या रांगा असायच्या आणि साहेबाला तोंडावर 'नाही' म्हणणारी बाईसुद्धा असायची. अर्थातच सरकारची बंदी. म्हणून डब्यांवर 'रविवारची प्रार्थना' असं लिहिलेलं असे आणि शनिवारी दुपारी खिडक्यांना घोंगड्या लावून मला चालवत. लोक बघता बघता रडत. मग आपलं दुखणं स्वतःच मोठ्याने बोलून दाखवत. तेव्हा मला फार अभिमान वाटे.

पण माझं सगळं लक्ष माणसांवर. हा का खोकला? तो दाराजवळच का बसला? आणि ती मान्ग्वेवू! धुण्याभांड्याची कामं करणारी ही बाई दर वेळी सिनेमा अर्धा टाकून उठायची. चुलीवर मका शिजतोय म्हणायची. म्हटलं, बरा दर शनिवारी याच वेळेला शिजतो!

शहाऐंशी सालच्या एका शनिवारी ती अशीच उठून गेली आणि दहा मिनिटांत पोलीस दार तोडून आत आले. मास्तरांना मारत गाडीत घातलं. अकरा महिन्यांनी ते सुटले, तेव्हा त्यांचा एक कान कायमचा गेला होता.

वस्तीने निकाल केव्हाच देऊन टाकला होता. फितूर मान्ग्वेवूच. बाया नळावर तिला ऐकू जाईल असं बोलायच्या. तिने शपथा घेतल्या, तर मी मनात म्हटलं, चोराच्या उलट्या बोंबा.

पुढे गोऱ्यांचं राज्य गेलं. सगळ्यांनी एका रांगेत उभं राहून मतं दिली, पण मान्ग्वेवूशी कुणी बोलेना. मलाही कोपऱ्यात ढकलून वर फडकं टाकलं.

परवा मास्तरांची मुलगी झोलेका त्या काळावर स्वतः केलेला सिनेमा घेऊन आली. तिच्याकडे नवं, इवलंसं यंत्र होतं. अजिबात आवाज करत नाही. नक्कीच काहीतरी लपवत असणार. पडद्यावर एक म्हातारा गोरा पोलीस आला. झोलेकाने त्याला विचारलं, तुम्हाला खबर कुणी दिली?

"कुणीच नाही," तो म्हणाला. "आम्ही गस्तीवर होतो. यंत्राचा खडखडाट पार रस्त्यावर येत होता. प्रार्थनेला कसला आलाय खडखडाट?"

माझा खडखडाट! पट्टा सैल झालेला, वर्षभर तेलाचा थेंब नाही. मी जगाची तोंडं न्याहाळत बसलो होतो आणि बोंब मारत होतो मीच. शरमेने मेल्यासारखं झालं.

दिवे लागले. मास्तर उठले, टोपी काढून मागच्या बाकावर एकट्याच बसलेल्या मान्ग्वेवूसमोर उभे राहिले. आमचं चुकलं, म्हणाले.

"मास्तर, तुमचा कान पोलिसांनी घेतला," ती शांतपणे म्हणाली. "माझं जे केलंत ते तुम्ही. मयताच्या घरी आपल्या बाया आपापली सुरी घेऊन येतात ना, भाज्या सोलायला? माझा माणूस गेला तेव्हा पोतंभर बटाटे मी एकटीने सोलले."



मित्रांनो, यंत्राला वेळेवर तेल घालत जा, एवढंच सांगायचं होतं मला. पण माणसाचा संशय आला, तर त्याच्या घरी जाऊन बसा, चार शब्द बोला. आमच्यातलं एकही माणूस तिच्याकडे गेलं नाही.